शेवटचा माणूस घरी पोचेपर्यंत

वर्षातले बाकीचे महिने इतरांचे असतील, पण हेश्वान छत्रीवाल्याचा. ज्यू पंचांगातला हा सगळ्यांत बापुडवाणा महिना. त्याच्या आधीच्या तिश्रीत सणांची नुसती रीघ लागते. नवं वर्ष, प्रायश्चित्ताचा उपास, मांडवांचा सण, आणि शेवटी धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या छातीशी धरून नाचणं. हेश्वानच्या वाट्याला यातलं काहीच येत नाही. म्हणून लोक त्याच्या नावाआधी 'मार' जोडतात. मार म्हणजे कडू. छत्रीवाला मात्र गिऱ्हाइकांना ऐकवायचा, "कडू कसला? नोहाच्या वेळचा जलप्रलय याच महिन्यात सुरू झाला म्हणतात. आमच्या धंद्याला याहून चांगला महिना शोधून दाखवा."

त्याचं दुकान म्हणजे एक लांबट बोळच होता. छताला कापड उतरवलेल्या छत्र्यांचे सांगाडे टांगलेले, भिंतीला मुठींची रांग, बाकावर पक्कड, मेण लावलेला दोरा, काड्यांच्या जुड्या आणि तेलाची बुधली. हेश्वान लागला की लोकांना घरातल्या मोडक्या छत्र्या आठवायच्या. मग तो मोडलेली काडी काढून दुसरी बसवायचा, टोकाला कापड टाचायचा, खटक्याला तेलाचा थेंब द्यायचा आणि छत्री गिऱ्हाइकाच्या अगदी तोंडासमोर फटकन उघडायचा. गिऱ्हाईक दचकलं की तो खूश.

या कडू महिन्यात एकच संध्याकाळ जरा मानाची होती, आणि ती छत्रीवाल्याच्या वाट्याला यायची. सातवीची. ज्यू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून सातवी संध्याकाळीच लागायची. त्या संध्याकाळच्या प्रार्थनेपासून त्यांच्या सिनेगॉगमध्ये पाऊस मागायला सुरुवात व्हायची. सगळे मनातल्या मनात प्रार्थना म्हणायला उभे राहण्याआधी, पुढे उभ्या असलेल्या माणसाने कमरेइतक्या उंच लाकडी चौरंगावर हात आपटून मोठ्याने सांगायचं, "दव आणि पाऊस!" म्हणजे आजपासून शब्द बदलले, उन्हाळ्यातले शब्द कुणी चुकून म्हणू नका. हा हात आपटायचं काम आधी त्याच्या वडिलांकडे होतं, आता त्याच्याकडे. छत्रीवाल्यानेच पाऊस मागायचा यावर गावात दर वर्षी तेच तेच विनोद होत, आणि तो दर वर्षी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हसे.

पाऊस तर मांडवांचा सण संपता संपताच हवा असतो, मग सातवीपर्यंत थांबायचं कशाला, असं त्याने लहानपणी वडिलांना विचारलं होतं. तोवर पाऊस पाडणाऱ्याची नुसती स्तुती करायची, मागायचं मात्र काही नाही. वडील छत्री शिवता शिवता म्हणाले होते, "जुन्या काळी मोठं मंदिर होतं तेव्हा लोक सणाला दुरून दुरून चालत यायचे. काही तर पार नदीपलीकडचे. सण संपला की परत निघायचे, पोराबाळांसकट, गाढवांवर सामान लादून. पाऊस लागला असता तर वाटेत चिखलात रुतले असते. म्हणून ठरवलं, शेवटचा माणूस आपल्या घरी पोचेल, तोवर कुणी पाऊस मागायचा नाही. शेतं वाळली तरी चालतील."

"आता कोण जातंय चालत?" त्याने विचारलं होतं.

"कुणी नाही. तरी थांबायचं."

छत्रीवाल्याला ही गोष्ट फार आवडायची. मुलगी लहान असताना त्याने तिला ती इतक्या वेळा सांगितली की शेवटी ती म्हणायची, "बाबा, मी तो शेवटचा माणूस आहे आणि मला आता झोप आलीये." तिला शाळेच्या सहलीला धाडताना, पुढे शिकायला पाठवताना, लग्नानंतर सासरी रवाना करताना त्याचा एकच हुकूम असायचा: पोचल्याबरोबर फोन करायचा. तीही इमानाने करायची. "पोचले, बाबा," एवढंच म्हणायची आणि ठेवून द्यायची. दोन शब्द. पण ते ऐकल्याशिवाय त्याला घास गिळवत नसे.

आणि यंदा सातवी लागायची वेळ आली, तरी ते दोन शब्द आलेले नव्हते.

चूक त्याची होती. हे त्याला ठाऊक होतं, आणि हे आपल्याला ठाऊक आहे हे तो मरेपर्यंत कबूल करणार नव्हता.

झालं होतं असं. मुलगी घाटापलीकडच्या गावात दातांच्या कवळ्या बनवायची. हात बापाचाच, बारीक कामाला चोख. यंदा ती एकटीच सणाला आली, शिक्षक असलेल्या जावयाला शाळेतून सुट्टी नव्हती. ती यायच्या आधी छत्रीवाल्याने कुणाला ताकास तूर लागू न देता दुकानामागची खोली रिकामी केली. भिंतींना रंग दिला, नळ घेतला, खिडकीखाली रुंद टेबल ठोकलं, वर वाकवता येणारा दिवा लावला. सण संपला, अंगणातला मांडव उतरवून झाला, तेव्हा त्याने तिला हात धरून तिथे नेलं. म्हणाला, "हे घे. तुझा कवळ्यांचा कारखाना. जावयाला इथल्या शाळा काय कमी आहेत?"

तिने टेबलावरून हात फिरवला. दिवा लावून पाहिला, विझवला. तिचे डोळे भरून आले होते, हे त्याने पाहिलं. पण ती म्हणाली, "बाबा, किती राबलात हो. पण मी नाही येऊ शकत. माझं घर आता तिकडे आहे."

एवढं पुरे होतं. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. मग हे काय आहे, धर्मशाळा? आम्ही कोण, सराईवाले? ती समजावत राहिली, हा चढत गेला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती बॅग घेऊन दारात उभी असताना त्याच्या जिभेने जे करायचं ते केलं. "आपल्या घरी चाललीयेस ना? मग तिकडे पोचल्यावर या परक्यांच्या घरी फोन करायचं काही कारण नाही."

मुलीने त्याच्याकडे पाहिलं. भांडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त "बरं" म्हणाली आणि निघाली. लहानपणापासून सांगितलेलं कधी धड ऐकलं नाही, आणि नेमकं हे ऐकलं.

ती गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की दुकानाच्या दारामागच्या खुंटीवर तिची छत्री तशीच लटकतेय. त्याने स्वतःच्या हाताने बनवलेली, गडद हिरवी, आतून पिवळी. त्या दिवसापासून ती छत्री डोळ्यांसमोर येऊ नये, दाराआड झाकलेली राहावी म्हणून तो दार उघडंच ठेवत होता.

घरात बायको होती, आणि बायको मूग गिळून होती. भांडण तिने ऐकलं होतं, पण त्यावर चकार शब्द काढला नव्हता. छत्रीवाल्याने तिला सरळ विचारलं असतं, "मुलीचा काही निरोप?" तर काम झालं असतं. पण विचारायचं म्हणजे पडतं घ्यायचं. त्यापेक्षा तो आडून आडून खडे टाकत बसला.

"घाटात दरड कोसळली म्हणे," एकदा जेवताना तो ताटाकडे बघत म्हणाला.

"कधी?"

"गेल्या वर्षी."

"बरं. मग?"

"मग काही नाही. मीठ दे."

दुसऱ्या दिवशी म्हणाला, "माझा फोन बिघडलाय वाटतं. दिवसभर कुणाचा आला नाही." बायको उठली, तिने आपल्या फोनवरून त्याला फोन लावला. त्याच्या खिशात घंटा वाजली. "चांगला आहे की," म्हणून ती पुन्हा भाजी चिरायला बसली. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण त्याला बघायचं नव्हतं म्हणून त्याने पाहिलं नाही.

तो स्वतःलाही समजवायचा. ती धडधाकट बाई आहे, किती तरी वेळा त्या रस्त्याने गेलेली. काही झालं असतं तर जावयाचा फोन आला असता. हे सगळं डोक्याला पटत होतं. पण डोक्याला पटलं म्हणून जीव थोडाच जागेवर येतो? काड्या बसवता बसवता त्याचे हात थांबत. मागच्या खोलीतलं टेबल त्याला भिंतीआडूनही दिसे. त्याला ती हवी होती. त्या खिडकीखाली वाकून बसलेली, तोंडात ब्रश धरून गुणगुणणारी, "बाबा, चहा टाकू का?" म्हणणारी. ते राहू दे. ते नाही तर नाही. निदान ते दोन शब्द तरी हवे होते.

सातवी लागायच्या दिवशी दुपारी कोपऱ्यावरची फुलवाली आपली भलीमोठी छत्री घेऊन आली. तिच्या ठेल्यावर ती रोवलेली असायची आणि वाऱ्याने तिच्या तीन काड्या उलट्या झाल्या होत्या.

"संध्याकाळी पाऊस मागायचा ना तुम्ही?" ती म्हणाली. "मग जरा जोर लावून मागा. विहीर तळाला गेलीये. गुलाबाची फुलं बघा, बटणांएवढी आलीयेत."

"मागतो की."

"गेल्या वर्षी बेताचाच मागितला होता वाटतं."

तो हसला नाही. त्याने काड्या सरळ करून दिल्या. फुलवालीने त्याच्याकडे निरखून पाहिलं. छत्री घेऊन गेली.

दिवस कलताना तो अंगावर कोट चढवून निघाला. बायको बरोबर होती. एरवी आठवड्यातल्या साध्या प्रार्थनेला बायका फारशा येत नसत, पण या कोरड्या महिन्यात तेवढीच एक संध्याकाळ, आणि नंतर अंगणात चहाबिस्किटं, म्हणून सातवीला वरचा बायकांचा सज्जा भरायचा. ती जिना चढून वर गेली, जाळीमागे बसली. तो पुढे जाऊन चौरंगापाशी उभा राहिला.

सिनेगॉगच्या सेवकाला सगळे घड्याळकाका म्हणत, कारण प्रार्थना दोन मिनिटं लांबली तरी ते अख्ख्या जगाला उशीर झाल्यासारखं तोंड करत. त्यांनी खूण केली. प्रार्थना सुरू झाली. छत्रीवाल्याचा आवाज चांगला होता, वडिलांसारखा जरा घोगरा, आणि शब्द इतके मुरलेले की ते आपले आपण चालत. एकामागून एक परिच्छेद सरले. आणि मग ती जागा आली. सगळे उठून उभे राहिले, पाय जुळवले. आता फक्त चौरंगावर हात पडायचा होता.

छत्रीवाल्याने हात वर नेला.

आणि हात तिथेच राहिला.

त्याला आपटायचा होता. विहिरी दिसत होत्या, बटणांएवढे गुलाब दिसत होते. पण त्याच्या मागून जणू वडील म्हणत होते, शेवटचा माणूस पोचेपर्यंत कुणी मागायचा नाही. आणि त्याचा शेवटचा माणूस पोचला की नाही हे त्याला माहीत नव्हतं. ती वाटेत नव्हती, हे त्यालाही कळत होतं. पण त्याच्यापुरती ती त्या सकाळपासून वाटेतच होती, बॅग घेऊन, छत्रीवाचून. तिच्यावर पाऊस मागायचा कसा?

 कुणीतरी खाकरलं. घड्याळकाकांनी मनगट वर करून दाखवलं. मग त्यांना राहवेना. ते पुढे वाकून कुजबुजले, "छत्रीवाले, शब्द विसरलात काय? दव आणि पाऊस!"

"विसरलो नाही."

"मग आपटा ना हात!"

या जागी मध्ये बोलायचं नसतं. लहान मुलालाही ठाऊक असलेला नियम, आणि छत्रीवाला तर जन्मभर तो इतरांना शिकवत आला होता. त्याने हात खाली घेतला. चौरंगाकडे पाठ केली, वर सज्ज्याकडे पाहिलं आणि भरल्या सिनेगॉगमध्ये मोठ्याने विचारलं,

"अगं, पोचली का ती?"

सगळी डोकी वर वळली. जाळीमागे काही क्षण नुसती कापडांची सळसळ झाली. मग त्याच्या बायकोचा आवाज आला, शांत, घरात बोलावा तसा.

"पोचली. त्याच दिवशी, उजेड होता तोवर पोचली."

"तुला कुणी सांगितलं?"

"तिनेच. रोज बोलते माझ्याशी, तुम्ही दुकानात गेलात की."

"मग मला सांगायचं नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी? दरड विचारलीत, फोन विचारलात, मीठ मागितलंत. लेकीचं विचारलंत?" आणि मग आवाज जरा मऊ झाला. "तीही रोज हेच विचारते. बाबांनी विचारलं का म्हणून."

वर बायका खुसखुसायला लागल्या. खाली पुरुषांनी पुस्तकांत तोंडं खुपसली. घड्याळकाकांचा चेहरा लालेलाल झाला होता. "अहो, प्रार्थनेच्या मध्यात संसार काय मांडलाय! आता तरी मागा पाऊस!"

छत्रीवाला वळला. त्याने हात उचलला आणि चौरंगावर असा आपटला की वरचा दिवा हलला.

"दव आणि पाऊस!"

मग सगळे मुकाट उभे राहिले आणि ज्याची त्याची प्रार्थना सुरू झाली. छत्रीवाल्याचे ओठ हलत होते, पण डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि सगळ्यांसमोर ते पुसायची सोय नव्हती. शेवटच्या माणसाची ती गोष्ट त्याने आयुष्यभर ऐकली, सांगितली, आणि आज कुठे त्याला ती कळत होती. लोक सणाला मंदिरात आले होते. त्यांना तिथेच ठेवून घ्यावं असं कुणाला वाटलं नसेल का? पण त्या जुन्या माणसांनी पाऊस थांबवला तो लोक यावेत म्हणून नव्हे, नीट परत जावेत म्हणून. नदीपलीकडचं घरही घरच, असं धरून ते तहानलेले बसून राहिले. आणि आपण मुलीला खोली रंगवून दाखवली आणि दारातून निघताना हाकललं. त्याला लाज वाटली. 'आमच्या जमिनीवर आशीर्वाद म्हणून दव आणि पाऊस दे' हे शब्द आले, तेव्हा त्याने फुलवालीसाठी मागितलं, विहिरीसाठी मागितलं, आणि घाटापलीकडच्या त्या गावासाठीही मागितलं, जिथे तिचं घर होतं.

बाहेर अंगणात चहा सुरू झाला. त्याला बघून माणसं हसत होती, पण वाट मोकळी करून देत होती. बायकोने काही न बोलता आपला फोन पुढे केला. त्यात मुलीचा नंबर आधीच काढून ठेवलेला होता.

"नको," तो म्हणाला. "माझ्यावरून लावतो."

कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून त्याने फोन लावला. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत तिने उचलला.

"बाबा?"

त्याने खूप काही ठरवलं होतं. तोंडातून आलं एवढंच, "पोचलीस का?"

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"पोचले, बाबा."

तो भिंतीला टेकला. मग म्हणाला, "मी त्या दिवशी बोललो ते चुकलो गं. खोली तुझ्यासाठी केली म्हणत होतो. माझ्यासाठी केली होती."

"मला माहीत आहे ते."

"तू नसलीस की करमत नाही मला. बस, एवढंच आहे."

"तेही माहीत आहे, बाबा. मला करमतं असं वाटतं का तुम्हाला?"

 मग त्याला एकदम आठवलं. "आणि हे बघ, तुझी छत्री इथे राहिली. दारामागे. उद्या पाठवून देतो. पाऊस मागून ठेवलाय मी, आता कधीही येईल."

"पाठवू नका. राहिली नाही ती, ठेवलीये मी."

"का?"

"का म्हणजे? आल्यावर लागते ना मला."

 त्याने नुसती मान हलवली, आणि फोनवर मान दिसत नाही हे त्याच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

घरी जाताना त्याने बायकोला दुकानाशी थांबवलं. कुलूप काढलं, दिवा लावला, दार ओढून घेतलं. हिरवी छत्री खुंटीवर होती. त्याने ती उघडून पाहिली, मिटली, खटक्याला तेलाचा थेंब दिला आणि होती तिथे लावून ठेवली.